बागेतला बुलबुल

गुरुवार, संध्याकाळ

नरखेडहून घरी आलो तरी कान तिथल्याच बागेत अडकलेत. संत्र्याच्या रसाची जाहिरात आहे. कंपनीने प्लास्टिक सोडून कागदी डबा काढलाय, त्यावर बुलबुल छापलाय आणि खाली लिहिलंय, 'निसर्गाला जपणारा रस'. माझं काम फक्त बागेतले आवाज टिपायचं.

सकाळी माइक लावला. पानांची सळसळ होती, बाकी काही नाही. एक चिवचिव नाही, माशीसुद्धा नाही. माइक बिघडला असेल म्हणून टाळी वाजवून पाहिली. टाळी स्वच्छ ऐकू आली.

बागवाले वासुदेवभाऊ म्हणाले, "माइक बरोबर आहे गा. हा औषधाचा नवा फवारा सुरू झाला तवापासून पाखरू येऊनच नाही राहिलं इकडं."

सोबत आलेल्या कंपनीच्या मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "दुसरीकडचा आवाज लाव ना. कोण ओळखणार आहे?" जुन्या रेकॉर्डिंगमधला बुलबुल काढून तिथेच स्पीकरवर ऐकवला. त्यांना आवडला.

तेवढ्यात वासुदेवभाऊंच्या बायको, शेवंताबाई, घरातून धावत आल्या. झाडाखाली उभ्या राहून वर बघू लागल्या. मी घाबरून आवाज बंद केला.

"काहून थांबला बुलबुल?" त्यांनी विचारलं.

मी स्पीकर पिशवीत सारला. खरं का नाही सांगितलं?

त्यांनी मातीच्या परळात पाणी आणून फांदीला टांगलं. आम्ही सामान गाडीत भरत होतो, तर ओठांवर बोट ठेवून त्यांनी आम्हालाच गप्प केलं.