खांद्यावरून पाडलेल्या बंदुका

अण्णा, मी आता बंदुकीच्या कारखान्यात आहे. कोइमतूरच्या पलीकडं, जालन्याहून दोन गाड्या बदलून यावं लागतं. आठवीनंतर शाळा सुटली, एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये राह्यलो, मंग सुरत, मंग पुणे. कुठंच पाय टिकला न्हाई. इथं मात्र टिकलाय. माय फोनवर विचारती, "तिथं असं काय हाय रे?" मी म्हणतो, जेवण बरं मिळतं. खरं कारण तुम्हाला सांगतो. पोलिसात तुमच्या खांद्यावर जी छोटी कार्बाइन असायची, तसलीच इथं बनती. आणि मला एकच गोष्ट बघायची होती. तुम्ही गाडीतून उतरताना ती खाली पडली, उडाली, तुम्ही गेलात. त्यात चूक तिची का तुमची? खात्यानं तुमची ठरवली. हलगर्जीपणा हा शब्द मी तिसरीत असताना शिकलो. काका अजून जालन्यात मस्तगडच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला सांगतो, "आमचा भाऊ चोराच्या न्हाई, सोताच्या बंदुकीनं गेला." माय त्या दुकानापुढून जात न्हाई. भाजी आणायची असली तरी मागच्या गल्लीनं वळसा घालती.

माझं काम बंदुका पाडायचं. हसू नका, पगार त्याचाच मिळतो. काडतुसात गोळी नसती, दारू नसती, नुसती टिकली भरलेली असती. ते आत घालायचं, बंदूक खांद्याच्या उंचीवर धरायची आणि खालच्या लोखंडी पाटावर सोडून द्यायची. दस्त्यावर, नळीवर, कुशीवर. टिकली फुटली तर फट् असा आवाज येतो, मंग ती बंदूक बाजूला. दिवसभर हेच. पहिले काही दिवस प्रत्येक आवाजाला मी डोळे मिटत होतो. आता आवाज झाला तर फक्त बंदूक बाजूला ठेवतो.

इथं दोन प्रकार बनतात. एक पत्र्याची. पत्रा दाबायचा, वळवायचा, वेल्डिंग मारायचं, झाली. सकाळी पत्रा असतो, संध्याकाळी बंदूक. भाग मोजके आणि सैल बसवलेले, त्यामुळं माती गेली, पाणी गेलं तरी चालती, आणि बिघडली तर कुणीबी दुरुस्त करतो. दुसरी भरीव पोलादातून कोरून काढलेली. हातात घेतली की कळतं, कुठं काही वाजत न्हाई. पण ती घट्ट असती, तिला तेल लागतं, बारीक फुफाटा गेला की अडून बसती. एका कोरीवच्या खर्चात पत्र्याच्या ढिगानं होतात, म्हणून पोलिसाला आणि पहाऱ्याला पत्र्याचीच जाती. तुमची पत्र्याची होती. मी पहिल्याच दिवशी ओळखली, बाजूच्या दांड्यावरून.

तो दांडा तुम्हीच मला दाखवला होता. मी चौकीत डबा घेऊन आल्तो. तुम्ही बाकावर बसलेले, पट्टा सैल केलेला, बंदूक मांडीवर आडवी. मी सायकल तशीच आडवी टाकून आत पळत येतो, आणि डबा हातात घ्यायच्या आधी तुम्ही एक कानाखाली देता. "वस्तू ठेवायची पद्धत असती का न्हाई? जा, स्टँडवर लाव." लावून येतो तर तुम्ही हसताय. ज्वारीची भाकरी सोडताय. मंग मला जवळ बसवून तो दांडा आत ढकलून दाखवता, कट् वाजतं. "ही बघ, आता झोपली." मी विचारतो, आन उठली तर? "मी न्हाई का जागा?" असं म्हणून तुम्ही ठेच्याचं बोट माझ्या भाकरीला पुसता.

इथले साहेब फौजेतून रिटायर झालेले. बंदुका दुरुस्त करण्यातच त्यांचा जन्म गेला. मी त्यांना तुमचं न्हाई सांगितलं, नुसतं विचारलं, दांडा आत ढकललेला असला तरी पडून उडती का? ते म्हणाले, "लॉक है तो दिनभर गिरा ले, कुछ नहीं होगा." मी पाडून बघितली. नव्या पाडल्या. पोलिसाकडून परत आलेली एक जुनी आहे, घासून पांढरी पडलेली, तीबी पाडली. दांडा बाहेर असला की तिसऱ्या-चौथ्याला फट्. आतला जड लोखंडी तुकडा झटक्यानं मागं जातो आणि पुढं येताना टिकली फोडतो. दांडा आत असला की काहीच न्हाई. एकदाबी न्हाई. मला वाटलं होतं हे कळल्यावर काहीतरी होईल, रडू येईल न्हाईतर राग. काही झालं न्हाई. जेवणाची घंटा झाली, जाऊन सांबारभात खाल्ला.

म्हणजे दांडा ढकलायचं तुमचंच राहून गेलं, अण्णा. गाडी थांबायच्या आत उतरलात म्हणतात. पण कोरीव बंदुकीत मुठीपाशी एक पट्टी असती. हातानं आवळून धरल्याशिवाय ती आतला तुकडा हलू देत न्हाई. तुम्ही विसरा, झोपा, चक्कर येऊन पडा, ती पट्टी आपली आपण धरून बसती. पत्र्याच्यात ती काढून टाकलीय, तेवढाच खर्चा वाचतो. साहेबांना विचारलं तर म्हणाले, जवान को सिखाया है ना, वो लॉक करेगा. म्हणजे कोरीव बंदूक माणूस चुकणार हे धरून बनवलेली आणि पत्र्याची माणूस कधीच चुकणार न्हाई हे धरून. हे खात्याच्या कागदात बसत न्हाई. काकाच्या दुकानात तर बिलकुल बसत न्हाई.

मागच्या रविवारी मायला फोन लावला. म्हणलं, माय, मी इथं बंदुकीच्याच कारखान्यात आहे. ती मंग म्हणाली, "मला वाटलंच, जेवणासाठी कोण राह्यतं एवढं?" म्हणलं, अण्णांची होती तसली मी रोज पाडून बघून राह्यलो. कुलूप लावलेलं असलं तरी उडती. बंदूकच खराब होती. तिनं विचारलं, "बराबर बघितलं का?" म्हणलं, बराबर बघितलं. "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. मागं कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. "थांब," म्हणाली, "चपला घालते. काकाच्या दुकानात जाते आधी." मी म्हणलं, माय, दुपारचं ऊन आहे. म्हणाली, "असू दे. समोरूनच जाते."

हे पाठवायचं कुठं, म्हणून पाठवत न्हाई. लिहून झालं की घडी करून पेटीत तळाशी टाकीन. एक तेवढं राह्यलं. साहेबांनी दिलेल्या बंदुका पाडून झाल्या की मी रोज एक जास्तीची घेतो. दांडा आत ढकलतो, कट् वाजलं का ऐकतो, आणि सोडतो. एखादी तरी उडावी म्हणून.