तुमच्या कानातल्या मशीनची परवानगी

अण्णा, तुमचं कानातलं मशीन माझ्या लॅपटॉपला जोडलेल्या मशीनच्या यादीत अजून आहे. परवानगी दिलेली, खाली बारीक अक्षरांत ‘जवळ नाही’. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. आज ऑफिसात ती यादी उघडून नुसता बघत बसलो. काही वाटलं नाही. हल्ली फारसं वाटतच नाही.

माझं काम तुम्हाला एकदाच धड सांगता आलं. वेबसाइटला आसपासचं एखादं मशीन हवं असेल तर ब्राउझरने आधी माणसाला विचारायचं आणि त्याने स्वतःच्या बोटाने निवडलं तरच जोडून द्यायचं. तुम्ही म्हणालात, “म्हणजे आमचं कुलूपच की रे.” बोम्मसंद्राच्या कारखान्यात प्रेसच्या मशीनमध्ये हात घालण्याआधी, कुणी ते चालू करू नये म्हणून, तुम्ही बंद स्विचला स्वतःचं कुलूप लावायचात. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. एकदा किल्ली चुकून तुमच्या खिशातून घरी आली आणि तिकडे प्रेस अडून राहिला. मी म्हटलं, द्या, मी देऊन येतो. तुम्ही जेवता जेवता उठलात. “मला न विचारता माझं कुलूप कुणी काढायला लागलं, तर उद्या आत हात कोण घालेल?” मी स्कूटरवरून तुम्हाला नेलं. कुलूप तुम्हीच काढलंत.

तुमच्या कानातल्या मशीनचा आवाज कमीजास्त करायचं वेबपेज मीच बनवलं होतं. सर्जापूर रोडच्या या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. परवानगीचं बटण तुमच्याच बोटाने दाबून घेतलं. तुम्ही चष्मा लावून सगळं वाचलंत, मग कानडीत म्हणालात, “सरी, ठीक आहे.”

त्याच टेबलाशी तुम्ही अवरेकाईच्या शेंगा सोलत बसला होतात, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. आम्हा भावंडांत थोरली म्हणून फोन अक्काकडे यायचा; तिने स्पीकर लावला. ती उठून बाहेर जाणार, तोवर डॉक्टरांनी रिपोर्टचं सुरूही केलं. लॅपटॉप माझ्यासमोर होता. मी तुमच्या मशीनचा आवाज शून्यावर नेला. मशीनशिवाय तुम्हाला काही ऐकू येत नसे. किती महिने उरलेत, ते तुमच्या समोर बोललं गेलं आणि तुम्ही शेंगा सोलत होतात. फोन ठेवून अक्का म्हणाली, “अण्णांना सांगायचं नाही.” मी मानेनेच हो म्हटलं.

मग तुम्ही कानाला हात लावलात. “सेल संपला वाटतं. स्वल्प बघ रे.” मी नवा सेल घातला, आवाज होता तिथे आणला.

त्यानंतर तुम्ही शर्टाच्या खिशात सेलची पट्टी बाळगायला लागलात. हॉस्पिटलात डॉक्टर यायच्या आधी नवा सेल घालायचात, त्यांचं बोलणं चुकायला नको म्हणून. डॉक्टर तुमची नाडी बघून बाहेर यायचे आणि आमच्याशी बोलायचे.

आज मीटिंगमध्ये प्रश्न होता, जुनी परवानगी किती दिवस ठेवायची. मी म्हटलं, वापर थांबला की आपोआप काढून टाकावी. सगळ्यांना पटलं. तुमच्या मशीनपुढचं ‘काढा’ मात्र मी दाबलेलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी सेल चांगला होता, अण्णा.