कोरडी भोकं

बुधवार, संध्याकाळ

माझ्या रेल्वेच्या मॉडेलसाठी आज रुळांलगतच्या, डोंगर अडवणाऱ्या खऱ्या भिंतीचे फोटो काढले, पुलापलीकडच्या वळणावर. माझ्या छोट्या भिंतीत मी डोंगराचं पाणी निघायला भोकं पाडलीत, खाली ओघळ रंगवलेत. खऱ्या भिंतीची भोकं कोरडी. एवढ्या पावसात? म्हणजे पाणी मागेच साचतंय.

स्टेशनवर सांगितलं. "कळवतो," म्हणाले. कधी?

ताई सकाळच्या गाडीने मुंबईला निघणार. गाडी त्याच भिंतीखालून जाते, बसने जा म्हटलं.

"बशीत माका ओकारी येता. तुझ्या खेळण्यातली भिंत पडली काय रे?" हसत बॅग भरत राहिली.

फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. भोकं कोरडीच. मधे भिंत फुगलेली दिसते, की मलाच वाटतं?

पहाटेचा गजर लावायचं काम तिने माझ्यावर सोपवलंय. अजून लावलेला नाही.