दहाला शिवून ये

मंगळवार, ६ ऑगस्ट

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहिला तर हसशील, म्हणून नुसतंच विचारते, कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? इथे सगळं ठीक. गच्चीच्या दाराला अखेर कडी बसवली. सुताराने एवढे आढेवेढे घेतले, जसं काही किल्ल्याचं दार होतं!

काल बाबांचं कपाट आवरलं. चष्मे हातात आले आणि त्यांची लाडकी संख्या आठवली. एकपासून दहापर्यंत चढायचं, दहाला शिवायचं, मग नऊपासून एकपर्यंत उतरायचं. सगळं सलग लिहिलं की वीस अंकी मूळ संख्या! शाळेतून आल्यावर आपले हे घरचे मास्तर जिन्यावरच आपल्याकडून म्हणून घ्यायचे. तू चढायचीस, मी उतरायचे आणि 'दहा' दोघींनी मिळून ओरडायचं.

"हिला कशानेच भाग जात नाही," म्हणायचे, "एक आणि ती स्वतः सोडून. पण दहा विसरून नऊवरूनच उतरलात की संपलं! एक हा अंक नऊ वेळा ओळीने लिहा, त्या संख्येला तिनेच गुणा, हाच दहा नसलेला आकडा येतो. सरळ दोन सारखे तुकडे."

आणि एक दिवस जेवताना तेच "आठ, नऊ, आठ" म्हणाले. तू म्हणालीस, "मास्तर, हात पुढे करा, छडी!" तेही हसले. पुढच्या वर्षी ते तुझं नाव विसरले, मग माझं.

नमनाला घडाभर तेल झालं. ताई, मला भीती वाटते गं. गेल्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकाची औषधांची चिठ्ठी घेऊन मांडणीसमोर उभी राहिले आणि हातातला कागद कशाचा तेच कळेना. मालक म्हणाले, "काय मॅडम, समाधी लागली?" मी हसले. अगदी बाबांसारखी हसले, आणि माझी पाचावर धारण बसली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार घरात चालत येऊ शकतो. शुक्रवारी तपासणीला बोलावलंय. "काही नाही गं, तुझी झोप होत नाही," असं फोनवर म्हणू नकोस. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे, इथे ये. मला एकटीने नाही जाववत.

रोज सकाळी दात घासताना ती संख्या मनात म्हणते. येते बरोबर. आत्ताही एका दमात लिहून दाखवते. परत वाचून बघणार नाही, तेवढा धीर नाही. तूच तपास.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक.

आली ना सगळी? दहाला शिवले ना गं मी?

तुझी उतरणारी,
धाकटी