फ्यूजच्या जागी चंदेरी कागद

प्रिय विलास,

प्रिय लिहिलंय ते सवयीने. पुढे वाचशील तेव्हा कळेल.

काल संध्याकाळी बाळकुमात तुझ्या दोस्ताच्या, किसनच्या बहिणीची हळद झाली आणि तिथे तुझा स्पीकरचा बॉक्स वाजला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हापासून माझं डोकं तापलंय. आईंशी बोलायला गेले तर त्या रडायला लागल्या. किसनला बोलावं तर तो मान खाली घालून नुसतं "हो वहिनी, हो वहिनी" करतो. भांडायचंय ते तुझ्याशी, आणि तू तर सुटलास! म्हणून लिहायला बसले.

लोक तुझ्याबद्दल काय बोलतात माहितेय? "शौकीन माणूस. गाण्यासाठी जीव दिला." तुझ्या दिवसांना लोक आले तेव्हापासून हेच चाललंय. तुझ्या काकांनी तुझ्या फोटोसमोर चारचौघांत सांगितलं, असा कलाकार पुन्हा होणे नाही. मी आत चहा गाळत होते. वाटलं, बाहेर जाऊन ओरडावं, गाण्यासाठी नाही हो, आळसापायी दिला!

कलाकार होतास, ते मी कुठे नाकारतेय? हा बॉक्स तू आपल्या घरात बनवलास, माझ्या डोळ्यांसमोर. प्लायवूडचे तुकडे पलंगावर, भुसा माझ्या पिठात, आणि सरस लावून दाबायला वजन हवं म्हणून पाटा-वरवंटा त्यावर. आत हवा किती मावते ते बघायला तू माझ्या डब्यातले सगळे तांदूळ त्यात ओतलेस. आठवतंय? वूफर एवढा मोठा, तर बॉक्स एवढाच हवा, एक वाटी जास्त नको, एक वाटी कमी नको. मग तेच तांदूळ मी आठवडाभर निवडत बसले, कारण त्यात सरसाचे खडे आणि भुसा.

आणि ती उदबत्ती! देवापुढची उदबत्ती उचलून तू बॉक्सच्या कडेकडेने फिरवायचास आणि कॅसेट लावायचास. ढोल वाजला आणि धूर थरथरला की तिथे फट आहे. मग पुन्हा सरस, पुन्हा भुसा, पुन्हा उदबत्ती. आई म्हणायच्या, "यो देवाला ओवालतंय का खोक्याला?" तू हसायचास. धूर सरळ वर गेला तेव्हाच तू जेवायला बसलास.

मग सांग ना, एवढा काटेकोर माणूस तू, एका फ्यूजपाशी कसा घसरलास?

कारण तुला माहीत नव्हतं, असं तर कोणी म्हणूच शकणार नाही. आपण दोघं मानपाड्याच्या त्या वर्कशॉपमध्ये कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करायचो. तिथेच जमलं आपलं. दुरुस्तीला आलेल्या पॅनेलमध्ये फ्यूजच्या जागी कोणी तार गुंडाळलेली दिसली की तू काय शिव्या द्यायचास! शेजारच्या टेबलावर मी बसलेली असायचे, तरी थांबायचा नाहीस. डोंबिवलीला माझ्या घरी तुझ्याबद्दल कळलं तेव्हा बाबांनी विचारलं, काय करतो मुलगा? मी सांगितलं, वायरमन आहे, त्याच्या कामात बोट ठेवायला जागा नाही. काय ऐटीत सांगितलेलं मी!

पुढे गाड्यांत म्युझिक सिस्टिम बसवायचं दुकान टाकलंस, तेव्हाही गिऱ्हाइकाच्या गाडीत तू कधी चूक केली नाहीस. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, मग पुढे अॅम्प्लिफायरपर्यंत जाड वायर, सीटच्या पत्र्याशी घासू नये म्हणून त्यावर रबरी नळी. समजावून पण सांगायचास त्यांना, "वायर कुठे खरचटली तर फ्यूज उडतो आणि गाडी वाचते." लोकांच्या गाड्या वाचवल्यास. स्वतःच्या व्हॅनमध्ये मात्र नळी राहिली. "आपलीच गाडी आहे गं, टाकू नंतर."

मग तुझ्या मावसभावाची हळद आली. व्हॅन मांडवाला पाठ करून लावलेली, मागचा दरवाजा उघडा, आणि सगळे मामा-काका अंगात आल्यासारखे नाचतायत. ऐन गाण्यात फ्यूज उडाला. झालं! शिट्ट्या, आरडाओरडा, "ए विलास, लाज काढलीस!" तुझ्याकडे दुसरा फ्यूज नव्हता. किसनने खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, आतला चंदेरी कागद फाडला, आणि तू तो फ्यूजवर गुंडाळून परत बसवलास. गाणं सुरू. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. मी तिथेच उभी होते आणि म्हटलं, उद्या काढ तो कागद. तू म्हणालास, "उद्या नक्की."

तो उद्या कधी आला, विलास? मी रोज विचारत होते. दुकानावरून आलास की विचारायचे, जेवताना विचारायचे. शेवटी तू चिडलास, "तुला दुसरा विषय नाही का?" मीच वर्कशॉपमधून फ्यूज आणून तुझ्या शर्टाच्या खिशात टाकला. तो शर्ट धुवायला आला, तेव्हा फ्यूज खिशातच!

शीळफाट्याला काय झालं ते मला किसनने सांगितलं. सीटखालून धूर आला. वायर पत्र्यावर घासून सोललेली, आणि फ्यूजच्या जागी चंदेरी कागद, मग उडणार काय? वायरच लाल झाली आणि खालचं कार्पेट पेटलं. तू गाडी बाजूला घेतलीस. दोघं उतरलात. उतरला होतास तू! रस्त्याच्या कडेला, धडधाकट उभा होतास. आणि मग परत आत गेलास, कशासाठी? तर बॉक्स काढायला.

बरं, बॉक्स काढलास. तेवढ्यावर तरी थांबायचंस! पुन्हा गेलास, अॅम्प्लिफायरसाठी, आणि आगीत सापडलास. पेट्रोलची गाडी आहे, हे मी तुला सांगायला हवं होतं का?

हॉस्पिटलमध्ये तू शुद्धीवर आलास तेव्हा मी शेजारी होते. मला वाटलं, माझं नाव घेशील. तू विचारलंस, "बॉक्स नीट आहे ना?" मी म्हटलं, आहे. तू डोळे मिटलेस. आपल्या संसाराचं शेवटचं बोलणं एका लाकडी खोक्याबद्दल झालं, आणि लोक मला सांगतात, किती शौकीन होता!

तो बॉक्स घरातच पडून होता. एक कोपरा काळा झालाय, बाकी काही नाही. तू गेलास आणि हा राहिला. आईंनी त्यावर चादर टाकलेली. घण घालून फोडावा असं मला कितीदा वाटलं, पण त्यांच्यासमोर हात उचलवेना.

गेल्या आठवड्यात किसन आला. बहिणीची हळद आहे, म्हणाला, विलासच्या नावाने त्याचा बॉक्स वाजला पाहिजे, सगळ्या पोरांची इच्छा आहे. आईंनी लगेच डोळ्यांना पदर लावला. "दे गो त्याला, माज्या पोराचा आवाज व्हईल." मी खाली गेले आणि किसनला म्हटलं, तुझ्या गाडीचं बॉनेट उघड.

तुला खरं वाटणार नाही. किंवा वाटेल, तुझाच दोस्त तो! त्याच्या फ्यूजवर चंदेरी कागद होता. तुझ्याबरोबर त्या रस्त्यावर उभा होता तो माणूस. तुला जळताना त्याने पाहिलं, तुला खांदा दिला. आणि स्वतःच्या गाडीत तोच कागद गुंडाळून रोज फिरत होता! मी विचारलं, हे काय आहे? म्हणतो, "वहिनी, टेम्पररी आहे. गाणं मध्येच बंद पडतं ना."

मी तो कागद काढला आणि त्याच्या तोंडावर फेकला. रस्त्यात, सगळ्यांसमोर. मी ओरडत होते, काय ते मला आठवत नाही. खिडक्यांतून माणसं बघत होती. मग मी त्याला सांगितलं, बॉक्स मिळेल. पण वायर मी टाकणार, फ्यूज मी बसवणार, आणि हळदीला गाडीपाशी मी उभी राहणार. तो म्हणाला, पण वहिनी, बंद पडलं तर? मी म्हटलं, पडू दे.

काल उभी राहिले. मांडवात मला कोणी बोलावलं नाही. नवरा गेलेल्या बाईला हळदीला कोण बोलावतं? पण बॉनेटपाशी अडवायची हिंमत कोणाची झाली नाही. बॉक्स वाजायला लागला आणि माझ्या पायाखालची जमीन हादरली. खोटं कशाला बोलू, सुरेख वाजतो रे तो. त्या आवाजात तुझे हात कळतात. म्हणून तर जास्तच राग येतो.

आणि मग नको तेच झालं. पोरांनी आवाज वाढवला आणि फ्यूज उडाला.

शिट्ट्या सुरू झाल्या. "ए किसन, लाज काढलीस!" अगदी तेच शब्द. किसनचा हात खिशात गेला, मला दिसलं. पाकीट अर्धं बाहेर आलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्याने पाकीट परत आत ठेवलं.

मी घाई केली नाही. अॅम्प्लिफायरला हात लावून बघितलं, भाजत होता. म्हटलं, आधी थंड होऊ दे. तेव्हा मांडवातून आवाज आला. लग्नातली गाणी गाणारी धवलारीण म्हातारी हळदीचा धवला गात होती. ती मघापासून गातच होती म्हणे, तुझ्या बॉक्सपुढे कोणाला ऐकूच येत नव्हतं. बायकांनी तिच्यामागे सूर धरला. नाचणारे बाप्ये आधी चुळबुळले, मग गप्प उभे राहिले. किसनच्या बहिणीला हळद लागली. मी नवीन फ्यूज बसवला, पोरांना आवाज कमी ठेवायला सांगितला, आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

किती वेळ लागला सांगू? एक धवला संपेपर्यंत. तेवढाच! कोणाची लाज गेली नाही. लग्न मोडलं नाही. कोणी मेलं नाही, विलास. तुला फक्त तेवढा वेळ थांबायचं होतं.

आता ऐक. तुझा बॉक्स मी फोडणार नाही, हे वचन देते. ज्याला हवा त्याला देईन. पण आधी त्याच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावीन, आणि तो हसला तरी, चिडला तरी, फ्यूज बघितल्याशिवाय हलणार नाही. गावातल्या एकाही बाईवर हे असलं पत्र लिहायची पाळी येऊ देणार नाही. तुला माफ करीन असं मात्र सांगत नाही. ते जमेल तेव्हा बघू.

तुझ्यावर चिडलेली, आणि तरी तुझीच,
सुनंदा