ट्रॉली चिंचेखाली, पॅनेल कोठे?

गुरुवार, दिवेलागण

मी, गणपत राघू, वय वर्षे शहात्तर, शिक्षण चौथी पास, धंदा बागायती शेती, राहणार खुटबाव, मनात घोळते आहे ते खरेपणाने लिहितो.

सौ. सरूला दमा आहे. रात्री वाफेचे यंत्र लागते. कुलदेवतेच्या जत्रेत आमचा मुक्काम पत्र्याच्या छपराच्या ट्रॉलीत असतो आणि तेथे वीज नसते. म्हणून तिचे येणे बंद झाले. यंदा तिला न्यायचेच.

आज दौंडला सोलर पाहिले. दोन पॅनेल परवडणार नाहीत. यंत्र थोडाच वेळ चालते, तेव्हा एक पॅनेल आणि बॅटरी पुरावी. पुरेल ना? पॅनेल छपरावर पक्के बसवावे, असे मी ठरवले. चि. दत्तूनेही मान डोलावली.

घरी सांगताच सरू हसू लागली. "अवं, जत्रंत ट्रॉली कुठं लावता?"

"चिंचेखाली. वडिलांपासूनची जागा आहे."

"मग छपरावर ऊन काय माझ्या म्हायेरानं धाडायचं?"

दत्तू म्हणाला, "आबा, जागा बदलू की."

चिंच सोडावी? तापल्या पत्र्याखाली सरू कशी राहील? सावलीही हवी, ऊनही हवे. हे कसे जमावे?

"पापड कुठं वाळवतो आपन? घरात व्हय?" सरू म्हणाली.

खरेच! पॅनेल सुटे न्यावे, लांब वायरीने उन्हात मांडावे. छपरावर बसवायच्या सांगाड्याचा खर्चही वाचेल. मला का सुचले नाही?

"राखण कोण करील?" मी विचारले.

"मी बसते की काठी घिऊन."

म्हणजे ती येणार.

समक्ष हजर: सौ. सरू, चि. दत्तू. दोघेही अजून हसत आहेत.