दोन वाजताचं बीपी

नगर, रविवार

प्रिय पंकजा,

तुला मेमो मिळाल्याचं कळलं आणि माझं डोकंच चालेनासं झालं. तुमच्या वॉर्डातले पेशंट सहादेवबाबा चक्कर येऊन पडले, त्यांच्या तक्त्यावर दोन वाजताचं बीपी मात्र ठणठणीत, आणि जबाब कुणी द्यायचा, तर शिफ्टची इन्चार्ज म्हणून तू! बाबा आता बरे आहेत ना गं?

श्रीरामपूरला तुमच्या वॉर्डात मी चार महिने वही घेऊन बसले. नर्सिंगची पीएचडी, तीही नर्सेसमध्ये राहून. त्यांचं काम टिपायचं आणि त्यांच्यावर हुकूम कोणाचा चालतो तेही. सुरुवातीला मला बघून तुम्ही सगळ्या गप्प व्हायचात. बाबाच म्हणाले, "बाई, तुमी दिसभर लिव्हता काय? जरा पानी द्या की." मी पाणी दिलं, मग बेडपॅन, मग सलाईन लावलं. तू हसलीस, "आली गं बाई वळणावर!" मला इतकं बरं वाटलं! पण तेव्हापासून मी संशोधक होते की नर्स, ते मला अजून सांगता येत नाही.

माझे गाईड सर म्हणतात, तटस्थ राहा, मध्ये पडू नकोस. पुस्तकं म्हणतात, अन्याय दिसला तर बाजू घे, पण आधी स्वतःला तपास. ऐकू तरी कुणाचं? अडतीस पेशंट, दोन नर्स, बीपीचं मशीन एकच आणि तेही शेजारच्या वॉर्डात, हे मी लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'परिचारिका आकडे अंदाजाने भरतात.' वॉर्डात बसायच्या परवानगीची अट म्हणून नोंदींची प्रत मेट्रनबाईंकडे गेली. त्यांनी मशीनची ओळ सोडली आणि खालची तेवढी धरली.

आणि तू चूक आपलीच म्हणून लिहून देणार आहेस म्हणे. मैत्रीखातर, की माझं तोंडही बघायचं नाही म्हणून? काही कळत नाही बघ.

बाबा पडले त्या दुपारी तू म्हणालीस, "अपूर्वा, जरा हात लाव ना." मी वही बाजूला ठेवली, सकाळच्या आकड्यांत थोडं कमीजास्त करून आठ तक्ते भरले. बाबांचाही. त्यांच्या दंडाला मी पट्टा लावलाच नव्हता, पंकजा. नंतर वही उचलून 'मी' लिहायच्या जागी 'परिचारिका' लिहिलं. गुरुवारी येतेय, मेट्रनबाईंना हे सांगायला. पीएचडीचं जे व्हायचं ते होवो. भीती वाटतेय गं, खूप. पण तोवर तू कशावरही सही करू नकोस.

तुझीच,
अपूर्वा